आनंदीबाईंना ठाऊक नव्हते ते

इतिहासातल्या माणसाच्या तोंडून कविता लिहायला मी मुलांना शिकवते. अट एकच, आधी कागदपत्रे, मग कल्पना. एकदा विषय होता आनंदीबाई जोशी. १० ऑक्टोबर १८८५ चे फिलाडेल्फियातले छायाचित्र वर्गात फिरवले. साडीतल्या आनंदीबाई, सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. बहुतेकांनी लिहिले, ‘मी डॉक्टर आनंदी.’ मग फळ्यावर सनावळी मांडली. पदवी मार्च १८८६ मधली, मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ चा. छायाचित्रातल्या आनंदीबाईंना यातले काहीच ठाऊक नाही! वर्ग गप्प झाला, खोडरबरे फिरली. नव्या कवितांत परीक्षेची धास्ती आली, परमुलखातली थंडी आली, दहा दिवसांत गेलेले बाळ आले. तारखा नेमक्या कळल्या, तेव्हाच आनंदीबाई बोलू लागल्या.