चुंबकाने पाणी बदलत नाही

परभणी जिल्ह्यात जिथे कालव्याचे पाणी पोचत नाही, तिथली शेती विहीर-बोअरच्या पाण्यावर चालते. ते क्षारयुक्त असले की ठिबकच्या नळ्यांत पांढरा थर धरतो. अशा शेतकऱ्यांसाठी एक मत ठिकठिकाणी मांडले जाते: पाण्याचे रेणू झुपक्यांनी राहतात, पाइपला चुंबक बसवला की झुपके फुटतात, आणि हे ‘हलके’ पाणी मुळांत चटकन शिरते.

यातला खरा भाग आधी मान्य करू. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पण त्यावरून टिकाऊ झुपके सिद्ध होत नाहीत. हा बंध साधारण एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग टिकतो. रेणू वळतो कसा, हे दामिआं लाज आणि जेम्स हाइन्स यांनी २००६ मध्ये संगणकीय प्रतिकृतींतून दाखवले. एक शेजारी दूर सरकतो, दुसरा जवळ येतो आणि रेणूचा बंध झटक्यासरशी पहिल्याकडून दुसऱ्याकडे जातो; ही उडी सुमारे ६० अंशांची असते. संथ पाण्यातही रेणू जागा सोडतो: २५ अंश सेल्सिअसला दिवसाकाठी साधारण साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे चुंबकाने काही रचना दिली असे धरले, तरी ड्रिपरपर्यंत पोचण्याआधीच ती अब्जावधी वेळा मोडलेली असेल.

मुळांचा मुद्दाही टिकत नाही. मुळांच्या पेशींच्या पटलात पाण्याला वाट देणारी अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिने असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या वाटेने रेणू एकामागोमाग एकच जातो. मग झुपका लहान की मोठा, याला अर्थ काय?

कोणी म्हणेल, चुंबकानंतर थर कमी झाला. चुन्याचे स्फटिक कसे जमतात यावर चुंबकाचा परिणाम होतो का, याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नाहीत. तो झालाच, तरी तो क्षारांच्या जमण्यावरचा आहे. पाण्यातले क्षार पाण्यातच राहतात. जमीन बिघडवणारे सोडियमही तसेच राहते.

म्हणून शेतकरी बांधवांनो, यंत्रावर पैसे घालण्याआधी पाणी तपासून घ्या. १९७२ पासून परभणीतच कृषी विद्यापीठ आहे. तपासणीचा अहवाल तिथल्या तज्ज्ञांना दाखवा. सोडियम जास्त निघाले तर जिप्सम आणि निचरा, नळ्यांत चुना धरला तर आम्लप्रक्रिया, हेच खरे उपाय आहेत.