कमीत कमी आणि जास्तीत जास्त : लोणारच्या विवराची गोष्ट

बैलबाजारात गेलेला शेतकरी दोन आकडे मनात धरून जातो. याहून कमीत मिळणार नाही, आणि याहून जास्त आपण देणार नाही. या दोन हद्दींच्या मधे कुठेतरी सौदा तुटतो. गणितात अशा हद्दी सांगण्याला असमता म्हणतात. समीकरण सांगते, अमुक बरोबर तमुक. असमता एवढेच सांगते, की अमुक हे तमुकाहून मोठे आहे किंवा लहान आहे. शाळेत समीकरणाचा मान मोठा, आणि असमता बिचारी धड्याच्या शेवटी अंग चोरून बसलेली! पण बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराचे कोडे सुटले ते बहुतांशी या असमतेच्या वाटेने, आणि तेही दीडशे वर्षांच्या वादविवादानंतर.

आधी ही वाट कशी असते ते पाहू. लोणारचे विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १,८०० मीटर रुंद आहे. ते अगदी गोल आहे असे धरून चाला. मग काठाकाठाने एक फेरी मारायची तर किती चालावे लागेल? वर्तुळाच्या आत सहा सारख्या बाजूंची आकृती काढा. तिची प्रत्येक बाजू त्रिज्येएवढी, म्हणजे ९०० मीटर. सहा बाजू मिळून ५,४०० मीटर. सरळ वाट वळणाच्या वाटेहून जवळची, तेव्हा फेरी ५,४०० मीटरांहून जास्तच भरणार. आता बाहेरून चौरस काढा. त्याच्या चार बाजू मिळून ७,२०० मीटर होतात. फेरी त्याहून कमीच असणार. झाल्या दोन हद्दी! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने या आकृत्यांच्या बाजू वाढवत वाढवत ९६ वर नेल्या. त्याच्या हिशेबाने आपली फेरी ५,६५३ मीटरांहून जास्त आणि ५,६५८ मीटरांहून कमी येते. त्याने नेमका आकडा सांगितलाच नाही. आपली चूक कितीपेक्षा जास्त असू शकत नाही, हे मात्र सिद्ध करून दिले. आज आपण फळ्यावर लहान-मोठ्याची जी टोकदार चिन्हे काढतो, ती फार पुढे, १६३१ साली, टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या मृत्यूनंतर छापलेल्या ग्रंथात आली.

आता विवराकडे वळू. लोणारची पुराणकथा तुम्हांला ठाऊक आहेच. लवणासुराला विष्णूने मारले, आणि गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्याची आठवण सांगते. ‘ऐन-ए-अकबरी’तही इथल्या क्षाराची नोंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे विवर पाहून त्याची माहिती लिहिली, आणि तेव्हापासून विद्वानांत वाद सुरू झाला. हा एवढा गोल खड्डा पडला कशाने?

बहुतेकांनी म्हटले, ज्वालामुखीने. त्यांचे म्हणणे गैर होते असे नाही. आपल्या दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसाचाच थिजलेला. मग त्यातला खड्डा ज्वालामुखीचा का नसावा? १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने आपल्याकडच्या ॲरिझोनातल्या विवराशी लोणारचे साम्य दाखवले. पण ॲरिझोनाचे विवरसुद्धा त्याच्या मते वाफेच्या स्फोटाने झालेले होते. साम्य बरोबर, अर्थ मात्र निसटला.

या वादात पहिली असमता वयाची आली. काळ्या पाषाणाचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. खड्डा त्या पाषाणात पडलेला, तेव्हा तो पाषाणाहून लहान असलाच पाहिजे. आणि थोडाथोडका लहान नव्हे. त्याचा काठ अजून उभा आहे, काठावरचे थर बाहेरच्या बाजूला उलटलेले दिसतात. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने हे सारे धुऊन नेले असते. मग लाव्हा केव्हाच थंडावल्यावर हा ज्वालामुखी कुठून आला?

दुसरी असमता दाबाची. इथल्या खडकांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. ही काच व्हायला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोन लाख पटींहून अधिक दाबाचा तडाखा लागतो. ज्वालामुखीचा दाब तिथवर पोहोचत नाही. आकाशातून आदळणारा अशनी मात्र सहज पोहोचतो. १९७३ साली फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हा पुरावा मांडला. तो दाब नेमका किती होता, हे सांगण्याची गरजच पडली नाही. एका हद्दीपलीकडे होता, एवढ्यावर पारडे फिरले.

वाद मात्र संपला नाही. अशनी पडला केव्हा? काचेला तापवले की, शेवटच्या वेळी तापल्यापासून तिच्यात साठलेली शक्ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. तो प्रकाश मोजून १९९७ साली ५२ हजार वर्षे हा आकडा आला, ६ हजार मागेपुढे. पुढे २०११ साली दुसऱ्या संशोधकांनी, खडकातल्या पोटॅशियमपासून हळूहळू तयार होणारा आरगॉन वायू मोजला आणि ५ लाख ७० हजार वर्षे सांगितली, ४७ हजार मागेपुढे. आता मांडा हिशेब. पहिल्या मापाची वरची हद्द ५८ हजार, दुसऱ्याची खालची हद्द ५ लाख २३ हजार. दोन्ही हद्दी एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. म्हणजे दोन्ही मापे एकदम खरी असणे जवळजवळ अशक्य.

आता शिक्षक बंधुभगिनी म्हणतील, मग मुलांना सांगायचे काय? परीक्षेत तर एकच उत्तर हवे असते. अडचण खरी आहे. तरीही माझे म्हणणे असे, की दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत आणि वर्गाला बोलू द्यावे. कोणी काय मोजले? मोजलेली वस्तू मधेच कधी पुन्हा तापली असली तर? मुले बोलू लागली म्हणजे पाठांतर मागे पडते.

बोलण्याने ज्ञान वाढते, हे आपल्या महाराष्ट्रात मोजूनही पाहिलेले आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे चालवली. मंडळींनी एकत्र बसून अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, आणि शंका केंद्राकडे धाडायच्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल नॉयराथ यांनी आधी आणि नंतर प्रश्न विचारून गावकऱ्यांचे ज्ञान तपासले, आणि मंडळे नसलेल्या गावांशी त्याची तुलना केली. मंडळांच्या गावांत झालेली वाढ इतर गावांतल्या वाढीहून स्पष्टपणे अधिक निघाली. पाहा, निष्कर्ष पुन्हा असमतेचाच!

तेव्हा गुरुजी, लोणारला सहल न्याल तेव्हा एक करा. काठावर उभे राहून मुलांना विचारा, पलीकडचा काठ किती लांब असेल? कमीत कमी किती, आणि जास्तीत जास्त किती? प्रत्येकाला दोन आकडे सांगू द्या, आणि ते का वाटतात हेही सांगू द्या. मग ज्यांच्या हद्दी एकमेकींना शिवत नाहीत, अशा दोघांना समोरासमोर बसवा आणि बाकीच्यांना ऐकायला लावा.