बोलणी की बंदूक?

आज राहाता तालुक्यात असलेले कोऱ्हाळे गाव १८५९च्या ऑक्टोबरात भागोजी नाईकांच्या भिल्लांनी लुटले. ती लूट तेवढी नोंदीत ठळक राहिली. तिच्याआधीची बोलणी विसरली गेली.

रानमुलूख आणि राखणीची चाकरी हा भिल्लांचा जुना आधार. भागोजी स्वतः पूर्वी नगरच्या पोलिसांत अंमलदार होते. १८५५ साली दंगलीबद्दल त्यांना शिक्षा झाली. १८५७मध्ये सरसकट हत्यारे काढून घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी नांदूर-शिंगोटे सोडून जवळच पुणे-नाशिक रस्त्यावर ठाण मांडले. शरण या, असा निरोप संगमनेर आणि सिन्नरच्या मामलेदारांकरवी गेला. भागोजींच्या अटी दोनच होत्या : दोन वर्षांचा थकलेला पगार आणि पोटापाण्याची सोय. उत्तरादाखल पोलीस पुढे सरकले. ४ ऑक्टोबरच्या त्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री पडला. १८५९च्या नोव्हेंबरात मिठसागरला भागोजीही मारले गेले.

याच सरकारने १८२५पासून खानदेशातल्या भिल्लांना माफी, कसायला जमीन आणि तगाई दिली होती. नुसत्या फौजेने जे साधले नव्हते, ते तिथे पुष्कळसे साधले. हत्यार खाली ठेव म्हणणाऱ्याने भाकरी कुठून येईल, हेही सांगावे लागते. नाहीतर ती बोलणी नव्हे, नुसता हुकूम.