वहीचं इलॅस्टिक आणि पोथीचं बासन

वहीचं इलॅस्टिक सैल पडलं. नगरच्या कापडबाजारातून शिलाईचं इलॅस्टिक आणलं, मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून ओवलं, आतून गाठी मारून वर कागद चिकटवला. झालं! (फार ताणू नका, पुठ्ठा वाकतो.)

रबर मरतंच, हवेतला ऑक्सिजन त्याच्या साखळ्या तोडतो. इंग्लंडच्या थॉमस हॅनकॉकनं १८२० साली हातमोजे वगैरेंसाठी रबरी पट्ट्यांचं पेटंट घेतलं, तेव्हापासूनचं हे दुखणं.

आपली रीत मला जास्त शहाणी वाटते. याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अशा ग्रंथांच्या हस्तलिखित पोथ्यांची सुटी पानं कापडी बासनात बांधून ठेवत. कापड विरलं की नवं घ्यायचं, पोथीला धक्का नाही. आणि आपण 'बासनात गुंडाळलं' म्हणतो ते विषय संपवायला! पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागदही कापडात बांधलेले. ते मोजतातसुद्धा 'रुमालां'वर.