ॲम्प्लिफायर आणि नवतपा

नागपुरात घरी ॲम्प्लिफायर बांधायचा तर हिशेब हीटसिंकपासून मांडावा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बंद पेटीत तो आणखी चढतो. या यंत्राचा वंश मागे शोधत गेलो की प्रत्येक पिढीची उष्णतेशी वेगळी गाठ पडलेली दिसते.

१६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, तो काळ व्हॉल्व्हचा. आदल्याच वर्षी डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरची रचना छापली आणि देशोदेशीच्या हौशी लोकांनी ती घरी बांधली. व्हॉल्व्हचा कॅथोड लालबुंद तापल्यावरच इलेक्ट्रॉन सोडतो; उन्हाळ्याने त्याचे फारसे बिघडत नाही.

जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरने पेटी हलकी केली, पण तो उष्णतेपुढे हळवा निघाला. त्याच्या गाभ्याची मर्यादा साधारण ९० अंश. २५ अंशांच्या खोलीत त्याला तापायला ६५ अंशांची मुभा मिळते, ४५ अंशांत ४५चीच. तापला की तो जास्त करंट ओढतो, त्याने आणखी तापतो आणि अखेर जळतो.

सिलिकॉनने खरा दिलासा दिला. घरगुती बांधणीत गाजलेल्या २एन३०५५ ट्रान्झिस्टरची मर्यादा २०० अंश; नागपूरचा उन्हाळा त्याच्या मुभेतला जेमतेम नववा हिस्सा खातो. तरी बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतेच, आणि बायस तोच राहिला तर करंट वाढतो. म्हणून बायस सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकलाच कसतात; पॉवर ट्रान्झिस्टर तापताच तो बायस कमी करतो. टीडीए२०३०सारख्या आयसीने हा पहारा पोटातच घेतला: अति तापली की ती स्वतःच थांबते. आजचे क्लास डी बोर्ड तर मुळात उष्णताच कमी निर्माण करतात.

तरीही डेटाशीटवरचा मोठा आकडा जपून वाचायला हवा. २एन३०५५चे ११५ वॅट हे केस, म्हणजे त्याचे बाहेरचे कवच, २५ अंशांवर असतानाचे. केस १०० अंशांवर गेली की सुमारे ६६ वॅटच उरतात. म्हणून हीटसिंक मोठा घ्यावा, पाती उभी ठेवावीत, ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधल्या मायकाला दोन्ही बाजूंनी पेस्ट लावावी, पेटीला खाली-वर भोके पाडावीत. सर्किट कुठल्याही देशातले चालेल. तापमानाचा आकडा मात्र आपल्या घरातला, मे महिन्यातला धरावा. ॲम्प्लिफायरचे डिझाइन खऱ्या अर्थाने आपले होते ते तिथे.