फ्लोरोचा आकडा

जिना लाकडी, अरुंद, आणि तुमचे बूट ओले. नोव्हेंबर 1919, गाव बर्गेन. नॉर्वेच्या या बंदरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा ओल्या बुटांकडे कुणी वळूनही बघत नाही. खाली प्रोफेसर व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांचं बिऱ्हाड, वर माळ्यावर हवामानाचं ऑफिस.

टेबलावर नकाशा. तारांमधले आकडे वाचले जातायत, ठाण्याठाण्याशी बारीक अक्षरांत मांडले जातायत: दाब, तापमान, वाऱ्याचा बाण. पेन्सिल तुमच्या हाती येते. सारख्या दाबाची ठिकाणं जोडत जायचं. समदाब रेषा, भूगोलाच्या पुस्तकात होत्या त्याच. हात सैलावतो, रेघ छान गोल वळते. आणि उत्तरेला, फ्लोरोच्या ठाण्यापाशी अडते. खाली सगळीकडे नैर्ऋत्येचा वारा, आठ अंश. फ्लोरोत मात्र वायव्येचा, चार अंश, आणि दाब चढतोय. तारवाल्यानं घोळ घातला, दुसरं काय! तुम्ही खोडरबर उचलता.

शेजारून कुणीतरी तो अलगद काढून घेतं.

महायुद्धात ब्रिटनकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद पडल्या, म्हणून ऑफिसातल्या या लोकांनी किनाऱ्यावर कोळी, दीपगृहवाले यांच्या भरवशावर नवी ठाणी उभी केली. ठाणी दाट झाली तशी ती गोल रेघ खोटी निघाली. फ्लोरोच्या अलीकडे रेघ मोडायची, कोपरा काढायचा. असे कोपरे एकाखाली एक जोडत गेलात की नकाशावर एक शिवण उमटते. तिच्या या बाजूला उबदार हवा, त्या बाजूला गार. गार हवा जड. ती पाचरीसारखी खाली घुसते, उबदार हवेला वर उचलते, सरी कोसळतात. उबदार हवा पुढे सरकते तेव्हा प्रकार संथ: गार हवेच्या उतारावरून ती चढत जाते, ढग आधी उंच, पातळ, मग खाली, दाट. काल रात्री चंद्राला खळं पडलं होतं, ते याच चढणीचं टोक.

या शिवणीला आपण आघाडी म्हणतो. मराठीत हा शब्द ऐकला की आधी जागावाटप आठवतं, पण इथे तो रणांगणावरून आलाय. युद्ध संपून जेमतेम वर्ष झालंय. आजच्या नकाशांवर आघाडीला असते ती त्रिकोणांची आणि अर्धवर्तुळांची खूण मात्र शोधू नका. ती सुचवणारं इथल्याच टोर बर्गेरॉनचं पोस्टकार्ड 1924 मध्ये जाणार आहे. सध्या तो याच नकाशांवर बघतोय की मागची गार आघाडी पुढच्या उबदार आघाडीला गाठते, आणि मधली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते.

(ही विद्या घेऊन आज पुण्याच्या सिमला ऑफिसात, म्हणजे हवामान खात्यात, आलात, तर जूनच्या नकाशावर अशी शिवण सापडणार नाही. मोसमी पावसात शेजारशेजारच्या हवांमध्ये तापमानाचा एवढा फरकच नसतो.)

फ्लोरो इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. शिवण ताशी चाळीसनं सरकत असेल, तर तीन ते पावणेचार तास. तुम्ही कागदाच्या कडेला वेळ लिहिता आणि भिंतीवरच्या वायुभारमापकाशी जाऊन उभे राहता. काटा उतरतोय. बाहेर भुरभुर, उबट वारा.

आठ वाजता एक सर पत्र्यावर आदळते. खिडकी उलट्या बाजूनं थरथरते. काचेवर टिचकी मारता. काटा हलतो, वर.