उडॉल्फोच्या किल्ल्यांतील एमिली

१७९४ सालीं लंडनच्या रॉबिन्सन या प्रकाशकांनीं ॲन रॅडक्लिफ या लेखिकेला एका कादंबरीसाठीं ५०० पौंड दिले. त्या काळच्या मानानें ही रक्कम दांडगीच होती. चार खंडांच्या त्या कादंबरीचें नांव ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’. कथानक १५८४ सालच्या फ्रान्समध्यें सुरू होऊन इटलींत शिरतें. मौज अशी, कीं बाईंनीं हे दोन्ही देश तोंवर डोळ्यांनीं पाहिले नव्हते. प्रवासवर्णनें आणि चित्रें यांच्या आधारानेंच त्यांनीं आपेनाइन्स पर्वतांतील तो भयाण किल्ला उभारला.

आईबापांवेगळी झालेली एमिली आत्याच्या आश्रयास येते. आत्या माँटोनी नांवाच्या इटालियन गृहस्थाशीं लग्न करते आणि तो दोघींनाही व्हेनिसमार्गें उडॉल्फोला नेतो. एमिलीचा प्रियकर व्हॅलन्कोर्ट फ्रान्समध्येंच राहतो. किल्ल्यांत तिला जी खोली मिळते, तिच्या एका दाराला कडी आहे ती बाहेरच्या बाजूनें! दाराशीं जड खुर्ची लोटून ती पोर रात्र काढते. येथें भुताची गरजच काय?

काळ्या पडद्याचा प्रसंग तर प्रसिद्धच आहे. पडदा सारतांच एमिली मूर्च्छित पडते. आंत काय होतें हें मात्र बाई शेवटल्या खंडापर्यंत सांगत नाहींत, आणि सांगतात तेव्हां तो मेणाचा पुतळा निघतो. वाचकाची ही थट्टा अंमळ लांबलीच म्हणावयाची.

या कथेंतलें खरें भय कागदाचें आहे. माँटोनीला पत्नीची फ्रान्समधील मिळकत हवी असते. ती सही करीत नाहीं, म्हणून तो तिला बुरुजांत कोंडतो. तेथें दुखण्यानें तिचा अंत होतो. वारसा एमिलीकडे येतो. वरचेवर मूर्च्छा येणारी ही मुलगी त्याच्या तोंडावर नकार देते, तेव्हां तो तिच्या या वीरवृत्तीची टर उडवितो. पुढें सुखरूप मायदेशीं पाठविण्याच्या वचनावर ती सही करते, आणि तो वचन मोडतो. इंग्लंडांत त्या काळीं विवाहित स्त्रीची मिळकत कायद्यानें बव्हंशीं नवऱ्याच्या हातीं जाई. ती स्थिति पालटणारे कायदे १८७० व १८८२ सालीं झाले. तेव्हां देखावा दोनशें वर्षांपूर्वींचा व परदेशचा असला, तरी तेथल्या वाचक स्त्रियांना माँटोनी फारसा परका वाटला नसावा.

शेवटीं दोन नोकर व एक फ्रेंच कैदी यांच्या साह्यानें एमिली किल्ल्यांतून निसटते; पुढें मिळकतही तिच्याकडे येते. व्हॅलन्कोर्ट त्या अवधींत पॅरिसमध्यें जुगार खेळून कर्जापायीं तुरुंगांत जाऊन आलेला असतो.